पोटाची शस्त्रक्रिया, आतड्यातले जिवाणू आणि संसर्गाचा धोका : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पित्ताशय, अपेंडिक्स, मोठ्या आतड्याचा कर्करोग, यकृत, स्वादुपिंड यांपैकी कशाचीही शस्त्रक्रिया ठरली की पुण्यातल्या रुग्णालयांच्या ओपीडीत रुग्णाचे नातेवाईक सर्वांत आधी एकच गोष्ट विचारतात : “इन्फेक्शन तर होणार नाही ना?” या काळजीमागे बहुधा अशी समजूत असते की जंतू बाहेरून येतात, म्हणजे वॉर्डातून, उपकरणांवरून किंवा भेटायला आलेल्यांच्या हातांवरून. ते खरे आहे, पण अर्धेच. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर जखमेत पू करणारे जंतू पुष्कळदा रुग्णाच्या स्वतःच्या आतड्यातले असतात. तिथे कोणते जिवाणू आहेत, किती आहेत आणि कोणाच्या संगतीत आहेत, यावर पुढचे बरेच काही अवलंबून राहते. खालील उत्तरे रुग्ण आणि त्यांची देखभाल करणारी घरची माणसे यांच्यासाठी आहेत. औषध सुरू करण्याचा किंवा थांबवण्याचा निर्णय आपल्या सर्जनशी बोलूनच घ्यावा.

आतड्यात जिवाणू असतात तरी किती, आणि ते सगळ्यांच्या पोटात सारखेच असतात का?

२०१६ साली इस्रायलमधील संशोधकांनी काढलेल्या अंदाजानुसार प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात, तर माणसाच्या स्वतःच्या पेशी सुमारे ३० लाख कोटी. या सगळ्या जिवाणूंचे वजन जेमतेम २०० ग्रॅम भरते आणि त्यांतले बहुतेक मोठ्या आतड्यात राहतात. जठरात आम्ल असल्यामुळे तिथे वस्ती विरळ असते, लहान आतड्यात ती हळूहळू वाढते आणि मोठ्या आतड्यात एका ग्रॅम मळात दहा हजार कोटींच्या घरात जाते. यांतल्या बहुतेकांना प्राणवायू सोसत नाही, ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

प्रत्येकाची वस्ती मात्र वेगळी असते. या विषयावर पुण्यात बरेच मूलभूत काम झाले आहे. राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रातील डॉ. योगेश शौचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भारतीयांच्या आतड्यात प्रेव्होटेला आणि मेगास्फेरा या गटांचे प्रमाण अधिक आढळले. त्यांपैकी एका नव्या जातीचे, मेगास्फेरा इंडिकाचे, वर्णन पुण्यातल्याच शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये माणसाच्या मळातून वेगळ्या केलेल्या जिवाणूंवरून केले. म्हणून युरोप-अमेरिकेतल्या रुग्णांवर झालेल्या अभ्यासांचे निष्कर्ष आपल्याकडे जसेच्या तसे लावताना थोडे थांबून विचार करावा लागतो.

हे जिवाणू आपल्याला संसर्गापासून वाचवतात असे म्हणतात. ते कसे?

मुख्यतः जागा अडवून आणि अन्न संपवून. पंगतीत सगळे पाट भरलेले असले की आगंतुकाला बसायला जागा उरत नाही, तसेच इथे घडते. पण एवढेच नाही. आपल्याला न पचणारे तंतू आंबवून हे जिवाणू काही लहान आम्ले तयार करतात. त्यांतले ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशींचे प्रमुख इंधन आहे. ते मिळत राहिले की अस्तर घट्ट राहते आणि पेशी प्राणवायू वापरून टाकत असल्याने आतड्याच्या पोकळीत तो फारसा पोचत नाही. ब्युटिरेट कमी पडले की पोकळीत प्राणवायू झिरपू लागतो, आणि ई. कोलाय, क्लेब्सिएला यांसारख्या, प्राणवायू असताना जोमाने वाढणाऱ्या जंतूंना मोकळे रान मिळते. आणखी एक गट पित्तातल्या आम्लांचे रूपांतर करतो, आणि ही रूपांतरित आम्ले क्लॉस्ट्रिडिओइड्स डिफिसिल या त्रासदायक जंतूला वाढू देत नाहीत.

हे संरक्षण किती मोठे आहे, याचा अंदाज १९५४ साली उंदरांवर झालेल्या एका प्रयोगातून येतो. उंदरांना साल्मोनेलाचा संसर्ग घडवायला एरवी सुमारे एक लाख जिवाणू लागत असत. आधी स्ट्रेप्टोमायसिनचा एकच डोस दिल्यावर दहापेक्षाही कमी जिवाणू पुरले.

शस्त्रक्रियेमुळे या वस्तीत नेमके काय बदलते?

बदलाची सुरुवात ऑपरेशन थिएटरच्या बरीच आधी होते. आजारामुळे जेवण तुटलेले असते, मधल्या काळात दोन-तीन डॉक्टरांकडून दोन-तीन प्रकारची प्रतिजैविके, म्हणजे अँटिबायोटिक, पोटात गेलेली असतात, आणि उपाशीपोटी घ्यायची ॲसिडिटीची गोळी तर कित्येक महिने चालू असते. पॅन्टोप्राझोल किंवा ओमेप्राझोलसारख्या या गोळ्यांनी जठरातले आम्ल कमी होते, त्यामुळे तोंडातले आणि अन्नातले जंतू जिवंतपणी खाली उतरतात.

त्यानंतर पोट साफ करण्याचे औषध आणि उपवास येतो. उपाशी आतड्यात तंतू पोचत नाहीत, म्हणून तंतूंवर जगणारे जिवाणू उपाशी राहतात आणि त्यांतले काही आतड्याच्या स्वतःच्या श्लेष्म थरावर गुजराण करू लागतात. प्रत्यक्ष शस्त्रक्रियेत आतडे उघडले जाते आणि हवेतला प्राणवायू अशा जागी शिरतो जिथे तो जवळपास नसतोच. रक्तदाब खाली-वर झाला, रक्तस्राव झाला किंवा शस्त्रक्रिया फार लांबली, तर शरीर मेंदू आणि हृदय सांभाळण्यासाठी आतड्याचा रक्तपुरवठा कमी करते आणि अस्तराला इजा होते. वेदना कमी करणारी मॉर्फिनसारखी औषधे आतड्याची हालचाल मंदावतात, त्यामुळे एरवी पुढे वाहून जाणारे जंतू एका जागी साठतात. शिवाय तीव्र ताणात शरीर सोडते ती नॉरॲड्रेनालीनसारखी संप्रेरके काही जंतूंना जणू ‘माणूस अडचणीत आहे’ असा निरोप देतात आणि ते जंतू अधिक आक्रमक होतात. प्रयोगशाळेत हे अनेकदा दिसले आहे.

या सगळ्याचा परिणाम ठरावीक दिशेने होतो. ब्युटिरेट तयार करणारे फीकॅलिबॅक्टेरियम आणि रोझबुरिया यांसारखे गट घटतात, विविधता कमी होते आणि त्यांच्या जागी एंटेरोकॉकस, ई. कोलाय, क्लेब्सिएला, स्टॅफिलोकॉकस, कधी कधी कँडिडा ही बुरशी डोके वर काढते. ज्यांची नावे जखमेच्या कल्चर रिपोर्टमध्ये, म्हणजे जखमेतले जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीच्या अहवालात, आपण वाचतो, ती हीच मंडळी.

आतड्यातले जंतू जखमेपर्यंत पोचतात कसे?

सर्वांत सरळ मार्ग म्हणजे शस्त्रक्रियेच्या वेळी आतड्यातला अंश बाहेर लागणे. कितीही काळजी घेतली तरी आतडे कापून जोडताना हातमोजे आणि उपकरणे त्याच्या संपर्कात येतातच. म्हणून पोटाची जखम शिवण्याआधी संपूर्ण चमूने हातमोजे बदलावेत आणि नवी निर्जंतुक उपकरणे घ्यावीत, एवढ्याच साध्या बदलाची सात देशांत चाचणी झाली. त्यांत भारतही होता. १३ हजारांहून अधिक रुग्णांच्या या अभ्यासात, २०२२ साली आलेल्या निकालानुसार, जखमेच्या संसर्गाचे प्रमाण १८.९ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आले. महागडे यंत्र नाही, नवे औषध नाही, तरीही हा फरक पडला; माझ्या मते प्रत्येक रुग्णालयाने हे उद्यापासून सुरू करावे.

दुसरा मार्ग आतड्याच्या भिंतीतून जातो. अस्तर ढिले पडले की जंतू भिंत ओलांडून लसिका ग्रंथींत आणि यकृताकडे जाणाऱ्या रक्तात उतरू शकतात. काही संशोधक असेही मांडतात की पांढऱ्या पेशी आतड्यातला जंतू गिळतात, त्याला न मारता सोबत घेऊन फिरतात आणि दूरच्या जखमेत सोडतात. ही कल्पना अजून तपासली जात आहे, तिला सिद्ध गोष्ट मानू नये.

आतड्याच्या जोडाची गोष्ट मात्र स्वतंत्रपणे सांगितली पाहिजे, कारण जोड गळणे ही या शस्त्रक्रियांमधली सर्वांत भीतीदायक गुंतागुंत आहे. जोड गळला म्हणजे टाका नीट पडला नाही, असे नातेवाइकांना वाटते. पण १९५५ सालीच अमेरिकेत कुत्र्यांवर झालेल्या प्रयोगात आतड्याच्या जोडाचा रक्तपुरवठा मुद्दाम तोडूनही, जोडाजवळ आतड्याच्या पोकळीत प्रतिजैविक सोडल्यावर जोड टिकले, आणि ते न सोडलेल्या कुत्र्यांमध्ये फुटले. पुढे २०१५ मध्ये शिकागो विद्यापीठाच्या गटाने उंदरांवरील अभ्यासात दाखवले की एंटेरोकॉकस फीकॅलिस या जंतूचे काही प्रकार कोलॅजन, म्हणजे जोड ज्याच्यावर तग धरतो ते प्रथिन, विरघळवतात. टाके उत्तम असले आणि रक्तपुरवठाही चांगला असला, तरी अशा जंतूंची गर्दी झाली तर जोड कमकुवत होऊ शकतो. माणसांमध्ये रक्तपुरवठा, पोषण, धूम्रपान, जोडाची जागा आणि जंतू यांचा एकत्रित परिणाम होतो, त्यामुळे एकाच कारणाकडे बोट दाखवणे योग्य नाही.

हा धोका प्रत्यक्षात किती असतो?

६६ देशांतल्या बारा हजारांहून अधिक पचनसंस्थेच्या शस्त्रक्रियांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. ३० दिवसांत जखमेचा संसर्ग झालेल्यांचे प्रमाण अधिक विकसित देशांत ९.४ टक्के, मध्यम विकसित देशांत १४ टक्के आणि कमी विकसित देशांत २३.२ टक्के होते. यात सर्व प्रकारच्या शस्त्रक्रिया एकत्र आहेत. आतडे न उघडता होणाऱ्या साध्या हर्नियाचा धोका फारच कमी असतो, तर अपेंडिक्स फुटून पोटात पू झालेल्या रुग्णाचा कितीतरी जास्त. अनियंत्रित मधुमेह, बिडी-सिगारेट, रक्त कमी असणे, कुपोषण आणि तातडीची शस्त्रक्रिया या गोष्टी धोका वाढवतात. यांतल्या पहिल्या दोन हाती असतात. शस्त्रक्रियेआधी किमान चार आठवडे धूम्रपान सोडल्याने गुंतागुंत कमी होते, हे आता पक्के आहे.

मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेआधी जुलाबाचे औषध आणि सोबत प्रतिजैविकाच्या गोळ्या का देतात? आतड्यातले चांगले जिवाणू त्यात मरत नाहीत का?

मरतात. तरीही काही शस्त्रक्रियांत हा सौदा फायद्याचा ठरतो, आणि त्यावर गेली ५० वर्षे वाद चालू आहे. १९७३ साली निओमायसिन आणि एरिथ्रोमायसिन आदल्या दिवशी पोटातून देण्याची पद्धत मांडली गेली. पुढे नुसते जुलाबाचे औषध देऊन पोट धुण्याने संसर्ग कमी होत नाही, हे स्पष्ट झाले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितले की ठरवून केलेल्या मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेत पोट साफ करायचेच असेल तर सोबत प्रतिजैविकाच्या गोळ्या द्याव्यात. फक्त पोट साफ करण्याला अर्थ नाही.

फिनलंडमधील २०१९ च्या चाचणीत जुलाबाचे औषध अधिक गोळ्या आणि काहीच न देणे यांत संसर्गाचा लक्षणीय फरक दिसला नाही. उलट स्पेनमधील २०२० च्या चाचणीत पोट न धुता केवळ आदल्या दिवशी प्रतिजैविकाच्या गोळ्या दिल्या, तेव्हा संसर्ग ११ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. म्हणून एका रुग्णालयात एक पद्धत आणि दुसऱ्या रुग्णालयात दुसरी दिसली, तर कुणीतरी चुकते आहे असे समजू नये.

पोट साफ करण्याचे औषध दिलेच असेल तर ते पूर्ण घ्यावे. ते मोठ्या प्रमाणात पाण्यात कालवून ठरलेल्या वेळांत थोडे थोडे पीत राहायचे असते. शेवटी शौचाला गाळ न राहता फिकट पिवळे, आरपार दिसणारे पाणी यायला हवे. अर्धवट साफ झालेले पोट सर्वांत वाईट, कारण पातळ मळ आतड्याबाहेर सहज सांडतो. चक्कर आली, लघवी कमी झाली किंवा उलट्या थांबेनात, तर विशेषतः वयस्क आणि मूत्रपिंडाचा त्रास असलेल्या रुग्णांनी लगेच कळवावे.

एका डोसऐवजी सात दिवस अँटिबायोटिक दिले तर अधिक सुरक्षित नाही का?

नाही. सगळ्या प्रश्नांत याच उत्तरावर मला सर्वाधिक भर द्यावासा वाटतो, कारण पुण्यात काय किंवा जुन्नर-दौंडकडे काय, डिस्चार्जच्या कागदावर अँटिबायोटिक लिहिलेले नसले तर घरच्यांना उपचार अपुरे झाल्यासारखे वाटते आणि ते स्वतःहून मेडिकलमधून एक कोर्स घेऊन येतात.

प्रतिबंधक प्रतिजैविकाचा उपयोग तेव्हाच होतो, जेव्हा पहिली चीर देताना ते ऊतींमध्ये पुरेशा प्रमाणात हजर असते. म्हणून ते चिरेच्या आधीच्या १२० मिनिटांत शिरेतून दिले जाते आणि शस्त्रक्रिया लांबली तर मध्येच पुन्हा दिले जाते. जखम शिवून झाल्यावर ते चालू ठेवण्याने संसर्ग कमी होत नाही, म्हणून ते पुढे वाढवू नये, अशी जागतिक आरोग्य संघटनेची स्पष्ट शिफारस आहे. पुढचे प्रत्येक डोस मात्र आतड्यात पोचतात, तिथली सौम्य वस्ती मारतात आणि त्या औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंना मोकळी जागा करून देतात. ज्या दिवसांत आतड्याचा जोड भरत असतो, नेमक्या त्याच दिवसांत आपण ही गर्दी वाढवत असतो.

पोटात आधीच संसर्ग असेल, म्हणजे अपेंडिक्स फुटले असेल किंवा आतड्याला छिद्र पडले असेल, तर प्रतिजैविक हा उपचार असतो आणि ते काही दिवस द्यावेच लागते. तिथेही जास्त दिवस म्हणजे जास्त लाभ असे नाही. २०१५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, पोटातला पू नीट काढून संसर्गाचे मूळ दूर केल्यावर सुमारे चार दिवसांच्या औषधाने जे साधले तेच सुमारे आठ दिवसांच्या औषधाने साधले.

अनेक महत्त्वाची प्रतिजैविके २०१४ पासून ‘शेड्यूल एच-१’ मध्ये आहेत. चिठ्ठीशिवाय ती देता येत नाहीत आणि दुकानदाराला विक्रीची नोंद ठेवावी लागते. तरीही मागितली की मिळतात, हे सगळ्यांना माहीत आहे. मागू नका, एवढीच कळकळीची विनंती आहे.

गेल्या काही महिन्यांत घेतलेल्या औषधांची माहिती सर्जनला देणे खरेच आवश्यक आहे का?

अत्यंत आवश्यक आहे. ओपीडीच्या बाकावर नातेवाईक रिपोर्टांची जाड फाइल नीट लावून बसलेले असतात, पण तापासाठी घेतलेल्या गोळ्यांची अर्धी राहिलेली पट्टी घरी कपाटातच असते. ती पट्टी आणा. तिच्यावरचे नाव पाहून डॉक्टरांना कळते की आतड्यात कोणत्या औषधाला दाद न देणारे जंतू असू शकतात.

इस्रायल, स्वित्झर्लंड आणि सर्बिया या देशांत मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेआधी रुग्णांची तपासणी करून झालेला अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्या आतड्यात ईएसबीएल हे विकर तयार करणारे, म्हणजे नेहमीच्या सेफॅलोस्पोरिन गटातल्या प्रतिजैविकांना निकामी करणारे जंतू आधीपासून होते, त्यांच्यात २४.८ टक्क्यांना जखमेचा संसर्ग झाला, इतरांमध्ये ११.१ टक्क्यांना. त्या देशांतल्या रुग्णांत असे वाहक सुमारे १४ टक्के होते. भारतात हे प्रमाण त्याहून बरेच अधिक असते. युरोपीय तज्ज्ञांनी २०२३ मध्ये अशा शस्त्रक्रियेआधी ही तपासणी करून त्यानुसार प्रतिबंधक औषध निवडावे, असे सुचवले आहे. गुदद्वारातून कापसाची काडी फिरवून हा नमुना घेतात. आपल्याकडे ती सर्वत्र केली जात नाही, पण गेल्या वर्षात वारंवार प्रतिजैविके घेतलेल्या किंवा आयसीयूत राहून आलेल्या रुग्णाने तिच्याविषयी जरूर विचारावे.

शस्त्रक्रियेच्या तोंडावर जुलाब, ताप किंवा पोटात मुरडा झाला असेल तर तेही सांगावे. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता, धायरी, किरकटवाडी या भागांत गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा काही नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा आतड्याचा जंतू सापडला होता आणि पाण्याकडे सगळ्यांचे लक्ष गेले. तारीख ठरलेली असताना पाणी उकळून प्यावे, बाहेरचे उघडे खाऊ नये, आणि पोट बिघडलेच तर ते लपवून भरती होऊ नये. तातडीची नसलेली शस्त्रक्रिया काही दिवस पुढे गेली तरी चालते.

दही, ताक किंवा प्रोबायोटिकच्या कॅप्सूल घेतल्याने संसर्ग टळतो का?

घरचे ताजे दही-ताक अन्न म्हणून चांगले आहे. डॉक्टरांनी जेवण सुरू करायला सांगितले आणि पोटाला सोसत असेल तर ते घ्यावे. त्याला औषध समजू नये.

कॅप्सूलचा प्रश्न अधिक नाजूक आहे. पोटाच्या शस्त्रक्रियेआधी आणि नंतर प्रोबायोटिक दिल्याने संसर्ग घटल्याचे अनेक लहान अभ्यास आहेत, परंतु त्यांत वापरलेले जिवाणू, मात्रा आणि रुग्ण इतके वेगवेगळे आहेत की अमुक कॅप्सूल सर्वांना द्यावी असे म्हणता येत नाही. ओडिशातल्या खेड्यांमध्ये साडेचार हजारांहून अधिक नवजात बाळांना एक विशिष्ट लॅक्टोबॅसिलस आणि त्याचे खाद्य एकत्र दिल्यावर जंतुदोष आणि मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ४० टक्क्यांनी घटले. २०१७ चा हा भारतीय अभ्यास जगभर नावाजला गेला. पण ती निरोगी जन्मलेली बाळे होती, शस्त्रक्रियेचे रुग्ण नव्हेत.

दुसऱ्या बाजूला २००८ साली नेदरलँड्समधून आलेला निकाल आहे. स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाच्या रुग्णांना नळीवाटे प्रोबायोटिक दिले. संसर्ग कमी झाला नाहीच, पण त्या गटात १६ टक्के रुग्ण दगावले, तर दुसऱ्या गटात ६ टक्के. प्रोबायोटिक घेणाऱ्या काही रुग्णांच्या आतड्याचा रक्तपुरवठा खुंटला होता. गंभीर आजारी माणसाला ‘नैसर्गिक आहे, काय अपाय करणार’ म्हणून काही देण्याआधी हा निकाल आठवावा. आयसीयूतल्या, मानेतून मोठी सलाइनची नळी असलेल्या किंवा केमोथेरपी चालू असलेल्या रुग्णाजवळ सॅकॅरोमायसिस या यीस्टची कॅप्सूल फोडूही नये, कारण हे यीस्ट नळीवाटे रक्तात शिरल्याच्या नोंदी आहेत.

शस्त्रक्रियेआधी आणि नंतर काय खावे?

आतड्यात अडथळा नसेल आणि तारखेला काही आठवडे अवकाश असेल, तर ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळी, उसळी, पालेभाज्या, फळे असा नेहमीचा घरचा आहार उत्तम. याच तंतूंवर ब्युटिरेट करणारे जिवाणू जगतात. शिकागोतल्याच गटाला उंदरांमध्ये असे आढळले की फार चरबीयुक्त, तंतू नसलेला आहार आणि प्रतिजैविके यांच्या जोडीला शस्त्रक्रिया आली, की आतड्यातल्याच जंतूंमुळे जीवघेणा जंतुदोष होऊ शकतो. माणसांमध्ये हे तितक्या थेटपणे सिद्ध झालेले नाही, पण काळजी घेण्यात तोटा काहीच नाही. आतडे अरुंद झालेल्या रुग्णाने मात्र तंतू वाढवू नयेत. त्याला पोट फुगून अडथळा होऊ शकतो.

पूर्वी रात्री बारापासून पाण्याचा थेंबही देत नसत. आता बहुतेक रुग्णांना भूल देण्याच्या सहा तास आधीपर्यंत हलके अन्न आणि दोन तास आधीपर्यंत पाण्यासारखे स्वच्छ द्रव चालतात; आपल्या भूलतज्ज्ञांनी वेगळे सांगितले असेल तर तेच पाळावे. शस्त्रक्रियेनंतरही वायू सरेपर्यंत उपाशी ठेवण्याऐवजी लवकर तोंडाने सुरुवात करतात, कारण अन्न पोचले की आतड्याचे अस्तर आणि जिवाणू दोन्ही सावरतात. पेज, मऊ भात, वरणाचे पाणी, ताक, मग मुगाची खिचडी, अशी पायरी डॉक्टर सांगतील तशी चढावी.

एक विनंती उपवासाबद्दल. चतुर्थी, एकादशी, श्रावणी सोमवार हे रुग्णाच्या मनाला आधार देतात, याची जाणीव ठेवूनच हे सांगतो. जखम भरायला प्रथिने लागतात, आणि दिवसभर साबुदाणा किंवा नुसता चहा यांत ती जवळजवळ नसतात. बरे होईपर्यंत उपवास घरातल्या दुसऱ्या कुणी धरावा.

शस्त्रक्रियेनंतर जुलाब लागले तर ते साधेच असतील ना?

बहुधा साधेच असतात. पण दिवसातून तीन किंवा अधिक वेळा पातळ शौच, पोटदुखी आणि ताप असेल, आणि अलीकडे प्रतिजैविके घेतलेली असतील, तर क्लॉस्ट्रिडिओइड्स डिफिसिलची तपासणी करावी लागते. तोवर जुलाब थांबवणारी गोळी स्वतःहून घेऊ नये. देखभाल करणाऱ्यांनी हात साबण आणि वाहत्या पाण्याने धुवावेत, कारण या जंतूचे बीजाणू अल्कोहोलच्या सॅनिटायझरने मरत नाहीत.

आतड्यातल्या जिवाणूंची तपासणी करून देणाऱ्या खासगी किट घ्याव्यात का?

शस्त्रक्रियेसाठी नकोत. त्यांचा अहवाल पाहून आज कोणताही सर्जन निर्णय बदलू शकत नाही. ते पैसे रक्तातली साखर आणि हिमोग्लोबिन वेळेवर तपासण्यात, आणि आहारात घालावेत.

विस्कटलेली वस्ती पूर्ववत व्हायला किती काळ लागतो?

२०१८ साली डेन्मार्कमधून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १२ निरोगी तरुणांना चार दिवस तीन तीव्र प्रतिजैविके दिली. त्यांची वस्ती सुमारे दीड महिन्यात बऱ्याच अंशी पूर्ववत झाली, पण आधी सर्वांमध्ये असलेल्या नऊ जाती सहा महिन्यांनंतरही परतल्या नव्हत्या. हे निरोगी माणसांचे झाले. आजार, शस्त्रक्रिया आणि कमी आहार यांतून गेलेल्या माणसाला त्याहून अधिक वेळ लागू शकतो. त्याच वर्षी इस्रायलमधून आलेल्या अभ्यासात प्रतिजैविकांनंतर प्रोबायोटिक घेणाऱ्यांची मूळ वस्ती, काहीच न घेणाऱ्यांपेक्षा उशिरा परतली.

घरी आल्यावर कोणत्या लक्षणांकडे लक्ष ठेवावे?

शस्त्रक्रियेनंतरचे ३० दिवस लक्ष ठेवावे. रोज एकदा उजेडात जखम पाहावी. टाक्यांच्या कडेला बोटाच्या पेरापेक्षा रुंद लाली पसरत असेल, जखम गरम लागत असेल, आधी कोरडी असलेली पट्टी पिवळ्या किंवा दुर्गंधीयुक्त स्रावाने भिजत असेल, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता दाखवावे. आतड्याचा जोड झालेल्या रुग्णाला साधारण पहिल्या दहा दिवसांत नव्याने ताप, थंडी, धाप, वाढती पोटदुखी, पोट फुगणे किंवा नाडी जलद होणे यांतले काहीही दिसले तर थेट रुग्णालय गाठावे, रात्र असली तरी. आधी सुधारत असलेला रुग्ण अचानक ‘बरं वाटत नाही’ म्हणून गप्प पडून राहिला, जेवण नाकारू लागला, तर तेही लक्षणच समजावे. वयस्क माणसांत ताप येतोच असे नाही.

पोटावर शौचाची पिशवी लावली आहे. ती बंद करण्याच्या दुसऱ्या शस्त्रक्रियेतही हा धोका असतो का?

असतो, आणि त्याचे कारण समजण्यासारखे आहे. पिशवी लावल्यावर तिच्या पुढच्या आतड्यातून अन्नाचे अवशेष जात नाहीत. तिथल्या जिवाणूंना खाद्य मिळत नाही, त्यांची संख्या आणि विविधता घटते, ब्युटिरेट कमी पडते आणि अस्तर पातळ व दाहयुक्त होऊ शकते. त्यामुळे काहींना गुदद्वारावाटे चिकट स्राव किंवा थोडे रक्त जाते. पिशवी बंद करताना असे बराच काळ रिकामे राहिलेले आतडे पुन्हा वाहत्या आतड्याला जोडले जाते. त्या जागेची त्वचा रोज मळाच्या संपर्कात राहिलेली असते, म्हणून अनेक सर्जन तिथली जखम पूर्ण घट्ट न शिवता मध्ये लहानसे तोंड ठेवतात. ती हळूहळू आतून भरत येते. ती उघडी दिसली म्हणून घाबरून जाऊ नये आणि स्वतःहून हळद, पावडर किंवा मलम भरू नये. दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या भेटीला जाताना पहिल्या वेळी कोणते प्रतिजैविक किती दिवस दिले, जखमेचे कल्चर झाले असल्यास त्यात काय निघाले, आणि मधल्या काळात बाहेरून कोणती औषधे घेतली, हे एका कागदावर लिहून न्यावे आणि तो कागद सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांनाही दाखवावा.